विमानातली सीट आणि १६ चा आकडा

मंडळी, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. करंजातल्या माणसालाही आता विमान जवळ आलं. म्हणून आपण ज्या सीटवर बसणार, तिचा थोडा इतिहास सांगतो.

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला घासलं, पुढे विजेच्या तारांना लागलं आणि कोसळलं. आत ११८ जण. ५५ गेले, पण ६३ वाचले. म्हणजे विमान पडलं की सगळंच संपलं, असं नसतं.

जगभरच्या तपासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली होती. सांगाडा टिकायचा, पण सीट जमिनीतून उखडायची. जुना नियम ९ जीचा, म्हणजे वजनाच्या नऊपट जोराचा. तोही सीट हळूहळू ओढून तपासायचे. खरी धडक काही हळूहळू बसत नाही!

१ डिसेंबर १९८४ ला अमेरिकेत नासा आणि तिथल्या विमान खात्याने पुतळे बसवलेलं अख्खं बोइंग ७२० मुद्दाम वाळवंटात आपटलं. १९८८ मध्ये नव्या बनावटीच्या विमानांसाठी १६ जीचा नियम आला. आता सीटवर पट्टा बांधलेला पुतळा बसवून ती रुळावरच्या गाड्यावर ताशी ४८ किलोमीटरच्या धक्क्याने तपासतात. त्या क्षणी ७० किलोचा माणूस सीटला ११२० किलोचा वाटतो. दुसऱ्या चाचणीत खालून धक्का देतात आणि मणक्यावर सुमारे ६८० किलोपेक्षा जास्त दाब आला की सीट नापास. जुन्या बनावटीची विमानं मात्र जुन्याच सीटवर बनत राहिली. त्यांना अमेरिकेत हा नियम लागू व्हायला ऑक्टोबर २००९ उजाडलं.

सीट म्हणजे चमत्कार नव्हे. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला. इतक्या मोठ्या आघातापुढे आणि आगीपुढे सीट काय करणार? पण जिथे वाचण्यासारखं असतं, तिथे ती माणसाला शुद्धीवर ठेवते, दारापर्यंत पोचायला वेळ देते.

फक्त एक लक्षात ठेवा. चाचणीतला पुतळा पट्टा बांधून बसलेला असतो. पट्टा सोडून बसलात, तर हा सगळा खटाटोप तुमच्यापुरता फुकट. विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नका, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही तो नीट बांधून द्या.