वस्तरा

वस्तरा हे दाढी किंवा डोके भादरण्याचे, मुठीत मिटणारे एकधारी पोलादी हत्यार आहे. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही शहरे उत्कृष्ट वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. 'झोलिंगेन' या नावाच्या वापरास १९३८पासून कायदेशीर संरक्षण आहे.

निवडीचे निकष

*पाते:* पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजतात. ५/८ (सुमारे १६ मिमी) व ६/८ (सुमारे १९ मिमी) ही मापे अधिक प्रचलित आहेत. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले पाते पातळ व लवचीक असते. पाचरीच्या आकाराचे पाते जड असून राठ केसांना उपयुक्त ठरते. गोल टोकाने कापण्याचा धोका कमी असल्याने ते नवशिक्यांना सोयीचे असते.

*पोलाद:* कार्बनयुक्त पोलादाला धार सहज लागते, परंतु ते गंजते. स्टेनलेस पोलाद गंजाला अधिक दाद देत नाही. मात्र त्याला धार लावण्यास सहसा अधिक वेळ लागतो.

*सरळपणा:* धार लावताना पात्याची पाठ व धार एकाच वेळी दगडावर टेकतात आणि त्यावरूनच धारेचा कोन ठरतो. त्यामुळे पीळ पडलेल्या किंवा पाठ असमान झिजलेल्या वस्तऱ्याला एकसारखी धार लागत नाही. शिंग, हस्तिदंत वा लाकडाच्या मुठीमुळे किंमत वाढते. दाढीच्या गुणवत्तेत फरक पडत नाही.

निगा व सुरक्षितता

वापरापूर्वी पाते चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने फिरवतात व वापरानंतर कोरडे करतात. सामायिक वस्तऱ्यामुळे हिपॅटायटिस बी व सी यांसारखे रक्तातून पसरणारे आजार संक्रमित होऊ शकतात; म्हणून असा वस्तरा एकाच व्यक्तीने वापरावा.