गोळा, पिन आणि सायलेन्सर

गाडीला ट्रेलर जोडायचा तो लोखंडी गोळा जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने १९३०च्या दशकात आणला. त्याआधीची जोडणी आपल्या उसाच्या ट्रॉलीसारखी: भोक आणि पिन. पिन खडखडते, गोळा वळणाला, चढाला, कलंडायला मोकळीक देतो. पुढे युरोपात ५० मिलिमीटरचा गोळा रुळला, अमेरिकेत दोन इंची, म्हणजे ५०.८. एवढासा फरक, पण मला तो भीतिदायक वाटतो: दोन इंची कपलर ५०च्या गोळ्यावर ढिला बसतो आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो. मागच्या बाइकवाल्याचा विचार करा.

दुसरं भांडण जागेचं. हुकाची आडवी पट्टी बंपरखाली चॅसिसला बोल्टने कसतात, आणि ती कंपनीच्या सायलेन्सरचा मार्ग धरूनच बनवलेली असते. आवाजासाठी बाहेरून जाड पाइप बसवला, की दोघं एकाच जागेवर हक्क सांगतात. सायलेन्सर रबरांवर लटकतो, हलतो. मोकळी जागा नसेल तर पट्टीवर आपटतो, आणि ट्रेलरच्या दिव्यांची वायर जवळून गेली असेल तर तीही वितळते. अशा वेळी काही गॅरेजवाले ग्राइंडर काढून पट्टीलाच खाच पाडतात. मी ते करू देणार नाही. ओझं पट्टी ओढते. वळवायचा तो पाइप.