तांड्याचा नायक आणि रसदेचे इमान

पुसद, दिग्रस, दारव्हा या यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्यांत आज जे बंजारा तांडे शेतीवर स्थिरावलेले दिसतात, त्यांतील कित्येकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर हिंडत असत. आणि 1803 साली इंग्रज सेनापती वेलस्ली वऱ्हाडात नागपूरच्या भोसल्यांवर चालून आला, तेव्हा त्याच्या फौजेची रसदही बहुतांशी अशाच लमाणांच्या लदणीवर अवलंबून होती. ज्या वाटेवर ना चौकी ना मुनीम, तेथे गोणीत हात घालणे, मिठात माती मिसळणे किंवा भाव चढेपर्यंत माल अडवून धरणे यांपासून माणसाला परावृत्त कोण करणार? सरकारजवळ परवाना, जामीन व शिक्षा एवढेच उपाय होते. तांड्याजवळ नायक होता, कारभारी होता आणि तंटे मिटविणारी नसाब होती.

या व्यवस्थेला नैतिक अधिष्ठान दिले ते संत सेवालाल महाराजांनी (1739–1806). चोरी, असत्य व व्यसन यांचा त्यांनी निषेध केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु असा उपदेश तर गादीवर बसून मापात खोट करणारा सावकारही करतो. सेवालाल स्वतः नायकाचे पुत्र, गुरे राखणारे व तांड्याबरोबर चालणारे; म्हणून त्यांचा शब्द हुकुमासारखा वरून न येता सोबत्याच्या शब्दासारखा मनात उतरला, असे मला वाटते. अर्थात या श्रद्धेला दुसरी बाजूही आहे. नायक लोभी निघाला, तर तीच आज्ञाधारकता अवघ्या तांड्याला आडवाटेने नेऊ शकते. आणि घरचा अपराध नसाबेपुढे कबूल करणारा माणूस परक्या फौजदारापुढे मौन धरू शकतो.

1867 साली रेल्वे नागपुरास पोहोचली आणि लदणीचा धंदा झपाट्याने खालावला. ज्यांच्या इमानावर फौजा जेवल्या, त्यांच्यापैकी ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांवर पुढे 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का बसला. नायकाचा धाक आणि संतांचा संस्कार यांची नोंद करण्यास त्या दप्तरात रकानाच नव्हता. तो कायदा 1952 साली रद्द झाला. पुसद तालुक्यातील गहुलीच्या नायकाच्या घरी जन्मलेले वसंतराव नाईक त्याच वर्षी तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले.