वारसाचें कर्तृत्व

संपत्ति मिळविणाऱ्यांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं जातात; ती सांभाळणाऱ्याचें चरित्र लिहिण्यास सहसा कोणी प्रवृत्त होत नाहीं. बापानें मिळवावें आणि लेकानें उधळावें, हा क्रम आपण इतका गृहीत धरतों कीं, न उधळणाऱ्या लेकाच्या अंगीं कांहीं निराळा गुण असेल काय, असा प्रश्नहि आपल्या मनांत येत नाहीं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे अध्यक्ष रूपर्ट डॉयली कार्ट यांचें आयुष्य या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे.

रूपर्ट यांचा जन्म १८७६ सालचा. त्यांचे वडील रिचर्ड हे नाट्यव्यवसायी. गिल्बर्टचीं पदें आणि सलिव्हनचें संगीत यांची सांगड घालून त्यांनीं विनोदी संगीत नाटकांची एक परंपराच उभी केली. १८८१ सालीं त्यांनीं बांधलेलें सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनीं उजळलें आणि नाटकांच्या नफ्यांतून १८८९ सालीं त्याच्या शेजारींच सॅव्हॉय हॉटेल उघडलें. तेथें विजेचे दिवे होते, लिफ्ट होती, रिट्झसारखा व्यवस्थापक आणि एस्कॉफिएसारखा पाकशास्त्री होता. १९०१ सालीं रिचर्ड निवर्तले. १९०३ सालीं, वयाची तिशी गाठण्यापूर्वींच, रूपर्ट हॉटेलचे अध्यक्ष झाले. क्लॅरिजेस व बर्कली हीं हॉटेलेंहि त्याच कंपनीचीं होतीं. नाटक मंडळी मात्र सावत्र आई हेलन यांच्याकडे होती. १९१३ सालीं त्यांच्या मृत्यूनंतर तीहि रूपर्ट यांच्या हातीं आली.

हॉटेलचा धंदा माणसास एक गोष्ट पक्की शिकवितो. काल उत्तम असलेली खोली आज तशीच ठेवली तर ती उत्तम राहत नाहीं. पडदे विटतात, गालिचे झिजतात, आणि जुन्या कीर्तीच्या नांवाखालीं पाहुणा तें सहन करीत नाहीं. आमच्या मतें रूपर्ट यांनीं हीच दृष्टि रंगभूमीकडे वळविली. मंडळीचे पोशाख व देखावे त्यांस जीर्ण दिसले. पहिल्या महायुद्धांत आरमारांत नोकरी करून आल्यावर, १९१९ सालीं, दहा वर्षांच्या खंडानंतर त्यांनीं मंडळीस नव्या साजांत लंडनमध्यें आणलें. १९२६ सालीं चित्रकार रिकेट्स यांजकडून 'मिकाडो'चा सारा वेष नवा करविला. १९२९ सालीं तर वडिलांचें तें प्रसिद्ध थिएटर आंतून पाडून नव्यानें उभारलें. पितृभक्ति मिरविणाऱ्या पुत्रास हें धैर्य झालें नसतें!

मात्र मूळ पदें व सुरावट यांस त्यांनीं सहसा हात लावूं दिला नाहीं. वेष बदलावा, वाणी बदलूं नये, हा त्यांचा दंडक होता. तरीहि 'मिकाडो'मध्यें कृष्णवर्णीयांस हिणविणारा एक शब्द होता आणि त्यावर अमेरिकेंत आक्षेप आला, तेव्हां १९४८ सालीं त्यांनीं ए. पी. हर्बर्ट यांजकडून तो बदलवून घेतला. जतन करणें म्हणजे गोठवून ठेवणें नव्हे, हें यांत दिसतें.

घरांत मात्र दैव अनुकूल नव्हतें. १९३२ सालीं एकुलता मुलगा मायकेल स्वित्झर्लंडमध्यें मोटार-अपघातांत गेला. १९४१ सालीं विवाहहि मोडला. सप्टेंबर १९४८ मध्यें त्याच सॅव्हॉय हॉटेलांत रूपर्ट यांचा अंत झाला. वारसा कन्या ब्रिजेट यांच्याकडे गेला.

यावर कोणी म्हणेल कीं, गिल्बर्टच्या पदांचे हक्क १९६१ पर्यंत घराण्याच्याच हातीं होते. प्रतिस्पर्धीच नसेल तर सांभाळण्यांत मोठेपण तें कोणतें? हा आक्षेप पोकळ नव्हे. हक्क संपल्यावर मंडळी वीसेक वर्षेंच तगली व १९८२ सालीं बंद झाली. परंतु मक्तेदारी माणसास आळशी करते. तीमुळें पडदे नवे होत नाहींत. ज्यास कोणी विचारणारें नव्हतें, त्यानें स्वतःसच विचारलें, यांतच आम्हांस रूपर्ट यांचें कर्तृत्व दिसतें. वारसा हा ठेव्यासारखा पुरून ठेवावयाचा नसतो. तो पुढच्यास वापरतां येईल अशा स्थितींत त्याच्या हातीं द्यावयाचा असतो.