ब्लूटेनबुर्गचे पांढरे कावळे

येल्ला लेपमान १९४५ साली जर्मनीत परतल्या त्या अमेरिकी लष्कराच्या गणवेशात. स्टुटगार्टच्या या ज्यू पत्रकार बाईंना १९३६ मध्ये देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं होतं. आता त्यांच्याकडे स्त्रिया आणि मुलांच्या प्रश्नांवरच्या सल्लागाराचं काम होतं. शहरं बेचिराख झाली होती, मुलं उपाशी होती. अन्नधान्य येत होतं, तेवढ्यावर बाईंचं समाधान होईना. बारा वर्षं द्वेषाचे धडे गिरवलेल्या या मुलांना दुसऱ्या देशांतल्या मुलांच्या गोष्टी वाचायला मिळाल्याच पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता.

हाताशी पैसा नव्हता. त्यांनी देशोदेशी पत्रं धाडून मुलांची पुस्तकं मोफत मागितली, तीही कालपरवापर्यंत जर्मनीशी लढणाऱ्या देशांकडून! बेल्जियमनं आधी नकार कळवला. जर्मन फौजांनी दोनदा तुडवलेल्या देशानं दुसरं काय करावं? बाईंनी पुन्हा पत्र लिहिलं, आणि बेल्जियमचीही पुस्तकं आली. ३ जुलै १९४६ रोजी म्युनिकच्या ‘हाउस डेर कुन्स्ट’मध्ये सुमारे ४००० पुस्तकांचं प्रदर्शन उघडलं. ही वास्तू नाझींनी आपल्या पसंतीच्या कलेसाठी बांधली होती. तिथेच जगभरची चित्रं आणि गोष्टी मांडल्या गेल्या, हे मला या साऱ्या वाटचालीतलं सर्वांत मोलाचं पाऊल वाटतं.

प्रदर्शन पुढे बर्लिनला गेलं. न लढता फुलांचा वास घेत बसणाऱ्या फर्डिनांड बैलाची गोष्ट बाईंनी स्वतः जर्मनमध्ये आणली, वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या ३०,००० प्रती छापून घेतल्या आणि नाताळात मुलांना वाटल्या.

१४ सप्टेंबर १९४९ला म्युनिकमध्येच ‘इंटरनॅशनल यूथ लायब्ररी’ सुरू झाली. रॉकफेलर फाउंडेशननं आर्थिक मदत केली. लेखक एरिष केस्टनर पहिल्यापासून पाठीशी होते. मुलांनी स्वतः कपाटातून पुस्तक काढावं, चाळावं, आवडलं नाही तर परत ठेवावं, अशी मुभा इथे होती. त्या काळच्या जर्मनीत हे नवलच होतं. चित्रकलेचा वर्ग होता, पुस्तकांवर मुलांच्या चर्चा रंगत. १९५३ मध्ये बाईंच्याच पुढाकारानं बालपुस्तकांची ‘इबी’ ही जागतिक संघटना उभी राहिली, १९५६ पासून तिच्यातर्फे हान्स क्रिश्चन अँडरसन पुरस्कार दिला जाऊ लागला. २ एप्रिलचा बालपुस्तक दिनही याच चळवळीतला. १९७० साली लेपमान गेल्या.

१९८३ मध्ये ग्रंथालय ब्लूटेनबुर्ग या पंधराव्या शतकातल्या गढीत हललं. आज तिथे सहा लाखांहून जास्त पुस्तकं आहेत आणि मुलांच्या पुस्तकांचं हे जगातलं सर्वांत मोठं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय मानलं जातं. तरी मला त्या संख्येपेक्षा तिथल्या रोजच्या कामाचं अप्रूप अधिक आहे. देशोदेशीचे प्रकाशक आपली नवी पुस्तकं इथे भेट म्हणून पाठवतात. एकेका भाषेची जाणकार मंडळी ती मूळ भाषेतच वाचतात. त्यातून दरवर्षी साधारण २०० पुस्तकांची ‘द व्हाइट रेव्हन्स’ ही सूची निघते. पांढरा कावळा म्हणजे विरळा पक्षी. चित्रकथेपासून कुमारांच्या जाड कादंबरीपर्यंत सगळं त्यात असतं. प्रत्येक पुस्तकाचा छोटा परिचय असतो. फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात ही सूची मांडली जाते आणि अनुवादाचे हक्क घेणाऱ्यांच्या हाती पडते.

पुरस्कारानं एखादं पुस्तक उजेडात येतं. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. तो हवाच, पण एका भाषेला वर्षाला एकच. सूचीत मात्र अनोळखी लेखकाची पहिली कादंबरीही बसू शकते, आणि मुलांच्या नव्या साहित्याला अशाच दाराची गरज असते. आपलं कुमारसाहित्य पुढे सरकत नाही असं म्हणताना ते नियमानं वाचून निवडणारं कोण आहे, हे आधी पाहायला हवं.

म्हणून मराठी प्रकाशकांना एक विनंती. मुलांसाठीची नवी कादंबरी छापून आली की तिची एक प्रत म्युनिकच्या या ग्रंथालयाला पाठवा, आणि सोबत इंग्रजीत पानभर सारांश जोडा.