बंब, झरोका आणि वरची वाट

धारवाडहून बेळगावच्या रस्त्याने निघालात की बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतींतल्या पत्र्याच्या छपरांवर भोपळ्याच्या आकाराचे फिरते पंखे बसवतात. त्यांना वीज लागत नाही. वारा पडला तरी आतली तापलेली हवा वर चढून बाहेर पडते आणि त्यांना हळूहळू फिरवते.

हीच गोष्ट आपल्या जुन्या घरांत न्हाणीघरापाशी रोज घडत असे. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाई आणि वरचे कढत पाणी तोटीतून बाहेर येई. गार घातल्याशिवाय कढत मिळत नसे. पाणी तापले की फुगते, तेवढ्याच जागेत हलके होते, आणि जड गार पाणी त्याला वर ढकलते.

शास्त्राने हे पुढे नीट पाहिले. स्पिरिटचा मोठा तापमापक निवत असताना त्यातले धुळीचे कण मधून वर चढतात आणि कडेने खाली उतरतात, हे काउंट रम्फर्डला दिसले. त्यावरचा त्याचा निबंध १७९७चा. या क्रियेला आजचे इंग्रजी नाव विल्यम प्राउट या वैद्याने १८३४ साली दिले. शाळेत आपण तिला अभिसरण म्हणतो.

नाव नव्हते तेव्हाही घर बांधणाऱ्याला काम कळत होते. मधला चौक, भिंतीतला उंच झरोका, चुलीवरच्या कौलांतले धुराडे ही सारी गरम हवेची वाट. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. त्या धर्तीची कौले घरोघर आली, तरी सांध्यांतून हवा जातच राहिली.

आता वाटण्या होऊन वाडे पडतात आणि स्लॅबची घरे उठतात. चूल गेली, धूर दिसेनासा झाला, म्हणून झरोकाही गेला. पण गॅसची उष्णता वरच चढते आणि खिडकीच्या माथ्यावर, स्लॅबखाली कोंडून राहते. तिचा त्रास स्वयंपाक करणाऱ्या बाईला होतो.

उपाय साधा आहे. गार हवा यायला खाली एक वाट, गरम हवा जायला वर एक. दोन्हींत उंचीचे अंतर जितके जास्त, तितका ओघ चांगला. भर दुपारी बाहेरच अधिक तापलेले असेल तर झडप लावून घ्यावी, रात्री उघडावी. नव्या घराच्या नकाशाला होकार देण्याआधी इंजिनियरला एवढे जरूर विचारा : स्वयंपाकघरातली गरम हवा कुठून बाहेर जाणार?