जाते, फुगडी आणि सूर्यनमस्कार: आपल्या आज्या-पणज्यांच्या व्यायामाचा इतिहास

१/
“आमच्या आईला कधी व्यायामशाळेत जावे लागले नाही, घरकामातच तिचा व्यायाम होत असे.” हे वाक्य आपण प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेले असते, आणि बहुधा ते एखाद्या तरुण मुलीला सुनावण्यासाठीच उच्चारलेले असते. या वाक्यात इतिहास किती आणि आठवणींचा गोडवा किती, हे आजच्या धाग्यात पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ जात्यापासून करू. दोन दगडी तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या मध्यभागी तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. एक पाय पसरून, दुसरा दुमडून बसायचे. एका हाताने मूठ मूठ धान्य वैरायचे आणि दुसऱ्या हाताने खुंटा ओढायचा. जोर केवळ मनगटाचा पुरत नाही. खांदा, पाठ आणि कंबर असे सारे अंग त्यात लागते. दळण मोठे असेल तर दोघी समोरासमोर बसत आणि एकीने लोटलेला खुंटा दुसरी ओढून घेई.

३/
दळण हा दिवसाचा केवळ प्रारंभ. त्यानंतर उखळात मुसळाने कांडण, पाट्यावर वरवंट्याने वाटण, रवीची दोरी ओढून ताक घुसळणे, आडातून पोहऱ्याने पाणी शेंदणे, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन घरी येणे, उकिडवे बसून जमीन सारवणे. शेतकरी घरात यावर निंदणी, कापणी आणि मळणीची भर पडे. आजची व्यायामशाळा शरीराच्या ज्या ज्या भागासाठी वेगळे यंत्र मांडते, त्या प्रत्येक भागाला राबवणारे एक काम त्या घरात होते.

४/
अशा श्रमाची नोंद हाडांतही राहते. ज्या हाडावर वारंवार भार पडतो ते अधिक बळकट होत जाते. त्याचा एक उत्तम पुरावा मध्य युरोपातून मिळाला आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी तेथील सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाच्या हाडांची आजच्या अव्वल दर्जाच्या महिला नौकानयनपटूंशी तुलना केली. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्या प्राचीन स्त्रियांच्या दंडाची हाडे ११ ते १६ टक्के अधिक मजबूत निघाली!

५/
यामागे शेतीची कष्टाची कामे असावीत, आणि विशेषतः दोन दगडांमध्ये तासन् तास धान्य भरडणे असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. ते दळण सपाट दगडावर दुसरा दगड पुढे-मागे घासून होई. आपल्या पाटा-वरवंट्याचाच तो दूरचा भाऊ. म्हणजे “पूर्वीच्या बायका बळकट होत्या” या समजुतीला निराधार म्हणता येत नाही. परंतु हाडे आणखीही काही सांगतात.

६/
उत्तर सीरियातील अबू हुरेरा या अश्मयुगीन वस्तीतील सांगाड्यांचा अभ्यास थेया मोल्सन यांनी केला. तेथील स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्यांत विकृती आढळली. गुडघ्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवर झिजेच्या खुणा दिसल्या. कारण तेच: गुडघे टेकून, अंगठे मुडपून, रोज अनेक तास धान्य भरडणे. ज्या कामाने दंड घडवला त्याच कामाने कंबर मोडली. आठवणीत दंड राहतो, कंबर विसरली जाते.

७/
येथे श्रम आणि व्यायाम यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. व्यायाम आपल्या इच्छेने सुरू होतो, थकल्यावर थांबतो, आणि त्यामागून विश्रांती व पुरेसे अन्न येते; शरीर बळकट होते ते याच विश्रांतीच्या काळात. जात्यावर बसलेली स्त्री थकल्यावर थांबत नसे. घरादाराला पुरेल एवढे पीठ पडले की थांबे. अंगात ताप असो, पोटात बाळ असो, रात्र जागून गेलेली असो. आणि पुष्कळ घरांत तिचे ताट सर्वांच्या शेवटी मांडले जाई.

८/
आता काही आकडे. १९२१ ते १९३१ या दशकात भारतातील स्त्रियांचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते. बालमृत्यू प्रचंड असल्याने हा आकडा इतका खाली दिसतो, हे खरे. पण १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाचा अंदाज पाहा: गर्भारपण आणि बाळंतपण यांच्याशी निगडित कारणांनी ब्रिटिश हिंदुस्थानात दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया मृत्यू पावत होत्या. आपल्याला “धडधाकट आजी” आठवते, कारण ती जगली. ज्या जगल्या नाहीत, त्यांच्या आठवणी सांगायला कोणी उरले नाही.

९/
स्वतः त्या स्त्रियांना या श्रमांविषयी काय वाटत होते? त्यांची साक्ष सुदैवाने उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. त्यांत विठ्ठल आहे, राम-सीता आहेत, माहेर आणि भाऊ आहेत. तसेच सासुरवास आहे, थकवाही आहे. ओवीच्या लयीवर दोघींचे हात एकत्र फिरत आणि श्वासाला ताल मिळे. गाणे होते, कारण त्यावाचून ते काम पार पडणे कठीण होते.

१०/
विश्रांतीचे महत्त्व त्या समाजाला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. बाळंतिणीसाठी सव्वा महिन्याची व्यवस्था होती: सुईणीच्या हातचे तेल-मालीश, शेक-शेगडी, पोटाला घट्ट पट्टा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येई, म्हणजे सासरच्या जात्यापासून काही काळ सुटे. प्रश्न एवढाच की हा सव्वा महिना कोणाच्या वाट्याला येई? जिची चूल रोजच्या मजुरीवर पेटत होती, ती थोड्याच दिवसांत पुन्हा कामावर दिसे.

११/
मुंबईच्या कापड गिरण्यांत हा प्रश्न तीव्र झाला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतीलाभ विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतीलाभ कायदा झाला; या प्रकारचा तो देशातील पहिला कायदा. मातेच्या आरोग्याच्या इतिहासात याचे स्थान फार मोठे आहे. श्रम तर तिच्या पदरी होतेच. तिला न्यायाने मिळवावी लागली ती विश्रांती.

१२/
मग इच्छेने केलेला, आनंदाचा असा व्यायाम आपल्या पणज्यांना ठाऊकच नव्हता का? होता, पण त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. त्याचे नाव होते खेळ, आणि त्याची तिथी पंचांगात होती. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीची मंगळागौर पुजली जाई आणि रात्री जागर होई. त्या रात्री घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायका फेर धरत, ते पहाटेपर्यंत.

१३/
फुगडीकडे शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहा. दोघींनी समोरासमोर उभे राहून पावले एकमेकींच्या पावलांजवळ आणायची, हातांची अढी घालायची, अंग मागे झोकून द्यायचे आणि गरगर फिरायचे. दोघींचे वजन परस्परांनी तोललेले असते. पकड सुटली की दोघीही पडणार. हाताची पकड, पोटऱ्या, तोल आणि समोरचीवरचा विश्वास यांची ती कसोटीच. सोबत तोंडाने घातलेला पकवा श्वासाला ठेका देई.

१४/
बसफुगडी त्याहून अवघड. उकिडवे बसून, उड्या घेत, एकेक पाय आळीपाळीने पुढे टाकायचा. आजचा प्रशिक्षक दहा वेळा करायला सांगेल, तर मांड्या भरून येतील. कोंबड्यातही बसल्या बसल्या उड्या. पिंग्यात कमरेतून वाकून अंग घुमवायचे. झिम्म्यात टाळ्या, पावले आणि गिरक्या एकाच तालात साधायच्या. मंद खेळांनंतर वेगवान खेळ, मध्येच उखाणे आणि हशा, पुन्हा फेर. श्रम आणि विसावा यांची आलटून-पालटून केलेली ही मांडणी अनुभवातून सिद्ध झालेली होती.

१५/
मंगळागौर ही सर्वच जातींची प्रथा नव्हती. खेळ मात्र सर्वत्र होते. नागपंचमीचे फेर, गौरी-गणपतीतल्या फुगड्या, अश्विनातला भोंडला वा हादगा, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई, गोव्यात चवथीची फुगडी आणि पौषातल्या रात्रींचा धालो. कष्टकरी घरातली स्त्री दिवसभर शेतात राबून रात्री पुन्हा फेर धरी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण तिच्या शरीराने स्वतःसाठी हालचाल करावी, अशा वर्षातल्या मोजक्या घटका त्याच होत्या.

१६/
या खेळांना पोशाखाची साथ होती. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला की पाय मोकळे राहतात. उडी, बैठक, चढण, कशालाच अडथळा येत नाही.

पण एक मर्यादा नोंदवायलाच हवी. मंगळागौरीचा मान सवाष्णींचा. बालविवाहाच्या त्या काळात अल्पवयात वैधव्य आलेल्या मुली पुष्कळ होत्या. पंधरा-सोळा वर्षांची विधवा त्या रात्री स्वयंपाकघरात राबे. अंगणातल्या फेरात तिला जागा नव्हती. श्रम तिच्याकडे राहिले, खेळ हिरावला गेला.

१७/
विसाव्या शतकात चित्र पालटू लागले. सातारा भागातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला. संस्थानातील शाळांत मुलांप्रमाणेच मुलींकडूनही नमस्कार घालून घेतले जात. स्त्रियांनीही ते नित्य घालावेत, हा त्यांचा आग्रह होता. या व्यायामाला अंगण लागत नाही, सोबतीण लागत नाही, सणाची वाट पाहावी लागत नाही. अंथरायला एक घोंगडी पुरे.

१८/
लुईस मॉर्गन या पत्रकार स्त्रीच्या संपादनाने त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. “स्त्रीने स्वतःच्या आरोग्यासाठी रोज थोडा वेळ राखून ठेवावा” हा विचार आज साधा वाटतो. ज्या पिढीत बाईचा प्रत्येक प्रहर घरच्यांच्या नावे लिहिलेला होता, त्या पिढीत तो नवा होता.

१९/
याच सुमारास संघटित प्रयत्नही वाढले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामाचा प्रसार करीत होते. १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत मुलीही येऊ लागल्या. विचारसरणी परस्परांहून अगदी भिन्न. पण मुली मैदानावर येऊन कवायत करू लागल्या, हे दृश्य दोन्हीकडे सारखेच. आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर शर्यतींत धावल्या.

२०/
तिकडे गावोगावी पिठाची गिरणी आली. प्रथम तेलाच्या इंजिनावर, पुढे विजेवर. पहाटेची घरघर थांबली आणि तिच्याबरोबर ओवीही थांबली. जाते माळ्यावर किंवा परसात गेले. यात काही गमावले, हे नाकारता येणार नाही. पण दळणाचा डबा गिरणीत ठेवून परतणाऱ्या बाईला पहाटेची एक-दोन तासांची झोप परत मिळाली होती. कोणत्याही गावच्या वृद्ध स्त्रीला विचारा, “पुन्हा जात्यावर बसशील का?” याचे उत्तर ती हसून देईल.

२१/
तात्पर्य काय? आपल्या आज्या-पणज्या बळकट होत्या. त्या बळाची किंमत त्यांच्या गुडघ्यांनी, कमरेने आणि कित्येकींच्या प्राणांनी मोजली. त्यांना लाभलेला खरा व्यायाम श्रावणातल्या रात्री होता: स्वेच्छेचा, सोबतीचा, हसण्याचा. आज एखादी आई पहाटे चालायला निघते किंवा सायंकाळी व्यायामशाळेत जाते, तेव्हा ती जात्याचा वारसा सोडून देत नाही. ती फुगडीचा वारसा पुढे नेते. फरक इतकाच की तिला सणाची वाट पाहावी लागत नाही.

२२/
शेवटी एक विनंती. आजी किंवा पणजी हयात असेल तर तिला आज दोन प्रश्न विचारा: तुझ्या वेळी कोणकोणते खेळ होते? आणि दिवसभरात तू स्वतःसाठी कधी बसत होतीस? पहिल्या प्रश्नाला ती उत्साहाने उत्तर देईल, कदाचित उठून दोन पावले करूनही दाखवील. दुसऱ्या प्रश्नाला ती क्षणभर थांबेल. दोन्ही उत्तरे लिहून ठेवा. आणि “आमच्या आईला व्यायाम करावा लागला नाही” हे वाक्य पुन्हा कोणी उच्चारले, तर ती त्यांना वाचून दाखवा.

(धागा समाप्त)